जलाशयात गेलेली गावे व त्यांचे देव

देवालयाचा जीर्णोद्धार काढावयाचा म्हटले की पहिला प्रश्न उभा राहतो तो मूर्तीचा. काम चालू असेतोपर्यंत देवास कोठे ठेवावयाचे? शास्त्रकारांनी त्याची सोय सांगून ठेवली आहे. देवाचे तेज कलशात आवाहन करून घ्यावे, जवळच लहानसे बालालय उभारून नित्यपूजा तेथे चालवावी, आणि नवे गर्भगृह सिद्ध झाले म्हणजे जलाधिवास, धान्याधिवास, शय्याधिवास करून मूर्तीची पुन्हा प्रतिष्ठा करावी. गावाच्या दृष्टीने हा वर्षा-दोन वर्षांचा प्रवास होय, आणि तो जेथून निघाला तेथेच येऊन संपतो. परंतु गेल्या शंभर वर्षांत महाराष्ट्रात अशी शेकडो गावे होऊन गेली की, ज्यांचा देव एकदा उठला तो त्या जागी परत बसलाच नाही. देवाबरोबर सारे गावच उठले, आणि मागे पाणी भरले.

जीर्णोद्धाराच्या मंगल प्रसंगी ही हकीकत सांगावयाची याचे कारण इतकेच की, गाव म्हणजे नेमके काय, हे गाव जागेवर असताना फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. ते हलवावे लागले म्हणजे कळते. धरणे बांधावीत की बांधू नयेत हा वाद येथे करावयाचा नाही. धरणाच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, कारखाने निघाले, घरोघर वीज आली, हे कोणी नाकारीत नाही. पाहावयाचे ते एवढेच की, पिढ्यानपिढ्यांचे बस्तान एका नोटिशीने मोडल्यावर साध्यासुध्या माणसांनी ते पुन्हा कसे बसविले, बरोबर काय नेता आले आणि काय नेता आले नाही.

हा प्रश्न महाराष्ट्रात प्रथम गाजला तो मुळशीत. पुण्याच्या पश्चिमेस मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने विजेसाठी धरण बांधावयास घेतले. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीच्या मदतीस दिला. मुळशी पेट्यातील पन्नासवर गावांवर त्यामुळे गंडांतर आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले व काम बंद पाडले. पांडुरंग महादेव बापट यांना लोक 'सेनापती' म्हणू लागले ते याच लढ्यापासून. विनायकराव भुस्कुटे यांनीही या सत्याग्रहात मोठे काम केले. पण अखेर १९२४ साली लढा संपला, बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली, व धरण पुरे होऊन पाणी अडले.

मुळशीची एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. तेथील पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या. म्हणजे जमीन कसणारा एक, आणि मोबदल्याच्या पैशाचा धनी दुसराच. सावकाराला जमिनीऐवजी रोख रक्कम मिळत असेल तर त्याला वाईट वाटण्याचे कारण नव्हते. भात लावणारा मावळा मात्र उघड्यावर पडला. पुनर्वसन हा शब्दच त्या काळी सरकारी कागदात नव्हता. कायद्याप्रमाणे नोटीस दिली, निवाडा केला, पैसे मोजले की सरकारचे कर्तव्य संपत असे. मोबदला जमिनीच्या नावाला मिळतो, जमिनीवर जगणाऱ्याला नव्हे, ही मुळशीने शिकविलेली गोष्ट पुढील पन्नास वर्षे तशीच चालत राहिली.

भूसंपादनाची रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती ठाऊकच आहे. नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगावयास हरकत नाही. १८९४ च्या कायद्यात प्रथम कलम ४ ची अधिसूचना निघे. गावच्या चावडीवर ती लागे, दवंडी पिटली जाई. मग मोजणी, कलम ६ ची घोषणा, कलम ९ खाली ज्याचा त्याचा हक्कसंबंध कळविण्याची नोटीस, आणि शेवटी कलम ११ खाली निवाडा. निवाडा मान्य नसेल तर कलम १८ खाली कोर्टात जाण्याची मुभा होती, पण त्याला मुदतीची अट असे, आणि मुदत म्हणजे काय हे अडाणी खातेदाराला मुदत संपल्यावर कळे. जमीन सक्तीने घेतली म्हणून बाजारभावावर शंभराला पंधरा रुपये जास्त देत. १९८४ साली ते तीस झाले. २०१३ च्या नव्या कायद्याने ते शंभराला शंभर केले, पण तोपर्यंत मोठी धरणे बहुतेक बांधून झाली होती.

या कागदांत गावाची मोजदाद कशी होई ते पाहण्यासारखे आहे. जमीन जिरायत की बागायत की वरकस, आकार किती, पोटहिस्से किती. घर किती खणांचे, भिंत दगडाची की मातीची, लाकूड सागाचे की रायवळ, छप्पर कौलारू की गवती. विहीर बांधीव की कच्ची. आंब्याची झाडे किती, फणसाची किती, त्यांतील फळती किती. देवळाचेही असेच. गाभारा अमुक फूट, सभामंडप तमुक फूट, दगडी चौथरा, लाकडी खांब इतके. रक्कम ठरे व ती ट्रस्टकडे वा पंचांकडे जाई. देवस्थान इनाम जमीन असेल तर प्रश्न आणखी अवघड, कारण ती वर्ग ३ ची. ती विकता येत नाही, आणि गुरव, वाजंत्री यांची सेवा तिच्याच उत्पन्नावर चाललेली. जमीन गेली की दिवाबत्तीचे तेल कोणी आणावयाचे येथून सुरुवात.

पण जेथे इमारत नाही तेथे या कागदांना काही सुचत नसे. बांधावरचा शेंदूर फासलेला म्हसोबा, वेशीबाहेरची मरीआई, पिंपळाखालचा वेताळ, घरोघरच्या वीरांचे टाक, नदीच्या डोहावरच्या साती आसरा यांचा पंचनामा कोण करणार? मूर्ती उचलून नेता येते, पण डोह कसा नेणार? आसरा तर पाण्यातल्याच देवता. त्या पाण्यात राहिल्या. पुष्कळ ठिकाणी बायांनी नव्या जागी विहिरीच्या काठी वा कालव्याच्या कडेला सात खडे मांडले, हळदकुंकू वाहिले, आणि बाळंतिणीची ओटी तेथे भरू लागल्या. यासाठी त्यांनी कोणाची मंजुरी मागितली नाही. गावाच्या पुनर्वसनातील पहिले काम अशा रीतीने बहुधा बायांच्याच हातून झाले आहे, आणि त्याची नोंद कोठल्याही फायलीत सापडणार नाही.

स्वातंत्र्यानंतर मोठे स्थलांतर झाले ते कोयनेचे. सातारा जिल्ह्यातील पाटण व जावळी भागांतील या खोऱ्यात सुमारे १०३ मीटर उंचीची भिंत उभी राहिली व १९६४ साली धरणाचे काम पुरे झाले. मागे पसरलेल्या शिवसागर जलाशयाची लांबी सुमारे पन्नास किलोमीटर आहे. त्यात जवळजवळ शंभर गावे बाधित झाली. ही लहान लहान डोंगरी गावे. तळाला भातखाचरे, वर उतारावर नाचणी व वरी, आणि त्याच्याही वर रान. माणसांचे मुख्य धन म्हणजे तळाची भातजमीन, आणि पाण्याने पहिल्यांदा गिळले ते तेच.

त्या काळी पुनर्वसनाचा कायदा नव्हता. कोणी साताऱ्यातच राहिले, कोणी सांगली-सोलापूरकडे गेले, कोणी घाट उतरून रत्नागिरी, कुलाबा (आजचा रायगड) व ठाणे जिल्ह्यांत गेले. सुमारे पाच हजार मिलिमीटर पावसात वाढलेला माणूस सहाशे-सातशे मिलिमीटरच्या सोलापूरकडे गेला म्हणजे काय होत असेल याची कल्पना करावी. त्याच्या हाताला चिखलणी व लावणी ठाऊक. तेथे काळ्या रानात ज्वारी. त्याचे घर उतरत्या छपराचे. तेथे सारी धाब्याची घरे. नाचणीची भाकरी खाणाऱ्याला ज्वारीची भाकरी गोड लागावयास वेळ लागतो, आणि गोड लागली नाही तरी खावी लागते. वाफसा कधी, पेर कधी, कोणत्या नक्षत्राचा भरवसा धरावयाचा, हे सारे चाळिशीतल्या माणसाला पोरासारखे पुन्हा शिकावे लागले. शेजाऱ्याला विचारावे लागले. विचारणे ज्यांना जमले ते लवकर रुळले. 'आमच्याकडे असे नसे' हे वाक्य ज्यांच्या तोंडून गेले नाही ते म्हातारे त्या वाक्यासह गेले.

पुष्कळांनी मात्र दूर जाण्याचे नाकारले. पाणी जसजसे चढले तसतशी त्यांची घरे वर सरकली. तळ गेला तरी उतारावरचे वरकस आपले आहे, रान आपले आहे, आणि मुख्य म्हणजे देव आपल्या डोळ्यांसमोर आहे, असा त्यांचा विचार. तो त्या वेळी चुकीचा होता असे म्हणता येत नाही. पण खाचरे गेल्यावर नुसत्या नाचणीवर वर्ष निघेना. नदीकाठची वाट गेली, बाजाराला जाण्यास लाँचची वाट पाहावी लागू लागली. आजाऱ्याला झोळीत घालून पाण्याच्या काठापर्यंत आणावयाचे आणि मग लाँच येईपर्यंत थांबावयाचे, असे दिवस तेथील माणसांनी काढले. १९८५ साली त्याच रानाचे अभयारण्य झाले व २०१० साली ते व्याघ्रप्रकल्पात आले. वर सरकलेल्यांतील काही गावांना पुन्हा एकदा उठावे लागले. एका आयुष्यात दोनदा गाव सोडणारी माणसे त्यांत आहेत.

या सर्वांवर कळस म्हणजे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप. माणसे झोपेत असताना कोयनानगर व आसपासच्या गावांतील घरे कोसळली; सुमारे एकशे ऐंशी माणसे दगावली, शेकड्यांनी जखमी झाली. ज्यांनी तीन-चार वर्षांपूर्वीच नवीन घर बांधून वास्तुशांत केली होती त्यांचीही घरे त्यांत होती. त्या वेळी उभ्या महाराष्ट्राने मदत पाठविली.

मग या लोकांना तगविले कोणी? शेताने नव्हे, हे खरे सांगावयास हवे. जावळी-पाटणची माणसे धरणाच्या आधीपासूनच मुंबईस जात होती. बंदरावर, बाजारपेठांत पाठीवर व डोक्यावर ओझी वाहत होती. धरण झाल्यावर ही वाट मोठी झाली. एका गाळ्यात गावचीच दहा-पंधरा माणसे राहावयाची, खानावळ एक, मनीऑर्डर महिन्याची. १९६९ साली माथाडी कायदा झाला व या हमालांना मजुरीची, फंडाची शाश्वती आली. त्यासाठी झगडणारे अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातलेच. विखुरलेल्या गावाची सभा मग गावात न भरता मुंबईत भरू लागली. देवळाची वर्गणी तेथे जमे, यात्रेची तारीख तेथे ठरे. पाण्याने मोडलेले गाव मुंबईच्या गाळ्यात शिल्लक राहिले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आजही या पट्ट्यातील कोणत्याही देवळाची वर्गणीदारांची यादी पाहावी. निम्मे पत्ते मुंबई व नवी मुंबईचे निघतील.

आता देवांकडे वळू. गावची वस्ती चार जिल्ह्यांत विभागली गेल्यावर देव कोणाच्या वाट्यास जावयाचा? जमिनीची वाटणी खातेनिहाय होते. भैरवनाथाचा सात-बारा नसतो. अशा वेळी देवालाच विचारण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. गुरवाने कौल लावावयाचा, गावाने हात जोडून उभे राहावयाचे, आणि उजवा-डावा जो कौल पडेल तो मानावयाचा. आजच्या शिकलेल्या माणसाला याचे हसू येईल. पण विचार करून पाहावे. जो निर्णय पंचांनी दिला असता तर भाऊबंदकी पेटली असती, तोच निर्णय देवाने दिल्यावर दोन्ही बाजूंना मान खाली घालता आली. मोठ्या तुकडीबरोबर मूळ मूर्ती जाई. बाकीचे नारळ नेत, अंगारा नेत, जुन्या देवळाचा एखादा दगड वा चौथऱ्याची माती नेत, आणि त्यावर नवे ठाणे करीत. देव वाटल्याने कमी होत नाही.

खरी अडचण मानपानाची येई. पालखीला पहिला खांदा कोणाचा, होळीची पहिली पोळी कोणाची, बगाडाचा मान कोणाचा, हे जुन्या गावात आळीनिहाय ठरलेले असे. नव्या गावठाणात आळ्याच नाहीत. तेथे नकाशावर आखलेले सारखे प्लॉट, आणि प्लॉटचे नंबर चिठ्ठ्या टाकून काढलेले. पाटलाच्या वाड्याशेजारी कोणाचे घर येईल याचा नेम नाही. शिवाय पाटीलकी वतन १९६२ च्या कायद्याने गेलेले, कनिष्ठ वतने त्याच्याही आधी १९५८ च्या कायद्याने गेलेली. जुन्या मानाला आधार राहिला नव्हता व नवा मान अजून ठरला नव्हता. काही ठिकाणी यावरून पालख्या वर्षानुवर्षे निघाल्या नाहीत. काही ठिकाणी मात्र याच गोंधळातून बरे झाले. जो समाज जुन्या देवळाच्या पायरीशी थांबत असे त्याचे घर चिठ्ठीने देवळासमोरच आले, वर्गणी सर्वांकडून सारखी घेतली गेली, आणि मग पायरीशी थांब असे त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? जुन्या जागी जे शंभर वर्षांत झाले नसते ते पाच वर्षांत झाले. सर्वत्र झाले असे मात्र नाही. पुष्कळ नवी गावठाणे नकाशावरच वेगळ्या वस्तीसह आखली गेली.

बलुतेदारांची हकीकत दुःखद आहे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांचे गावातील स्थान जमिनीवर नव्हते, गावाच्या गरजेवर होते. गाव फुटले की गिऱ्हाईक फुटले. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला जमिनीचा मोबदला नाही. घराच्या दोन खणांचे काय ते पैसे. भूमिहीन मजुराचे तसेच. गुरवाची पूजा होती ती देवाबरोबर टिकली, पण बलुते गेले ते गेलेच. त्यांची मुले तालुक्याच्या गावी दुकान टाकून, एस.टी. वर्कशॉपमध्ये लागून, मुंबईस जाऊन मार्गी लागली. गावातून बलुतेदारी तशीही जाणारच होती. धरणाने ती एका उन्हाळ्यात नेली.

उजनीची तऱ्हा निराळी. भीमेवरील या धरणाचे काम १९६९ साली सुरू होऊन १९८० साली पुरे झाले. इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत, माढा या तालुक्यांतील गावे पाण्यात आली. मुंबई-सोलापूर रेल्वेचा मार्गदेखील बदलावा लागला, आणि डिकसळचा जुना रेल्वेपूल पुढे गाड्यामोटारींच्या वाहतुकीस उपयोगी पडला. येथील लोक पुष्कळसे जलाशयाच्या काठावरच राहिले. प्रथम वर्षे फार कठीण गेली, पण पुढे काठच्या शेतकऱ्याने उपसा मोटारी बसविल्या आणि जिथे हुलगा-मटकी होती तिथे ऊस उभा राहिला. मासेमारी हा नवाच धंदा उभा राहिला व भिगवणचा मासळीबाजार नावारूपास आला. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, ते पाहावयास शहरची माणसे येतात, आणि त्यांना होडीतून फिरवून आणणाऱ्या पोरांच्या आज्याचे शेत त्याच पाण्याखाली असते.

परंतु पाणी दोन गावांमध्ये येते तेव्हा सोयरिकीमध्येही येते. पूर्वी भीमा ओलांडून पलीकडच्या काठच्या लेकीकडे जाणे म्हणजे उन्हाळ्यात गुडघाभर पाण्याचे काम. जलाशय झाल्यावर तेथे रस्त्याने मोठा वळसा पडू लागला, नाहीतर होडी. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीस निघालेली होडी वादळी वाऱ्यात बुडून सहा जण मृत्युमुखी पडले. धरण होऊन तेव्हा चव्वेचाळीस वर्षे झाली होती. स्थलांतराचा हिशेब ज्या साली कब्जेपावती होते त्या साली मिटतो असे ज्यांना वाटते त्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी.

पळसदेव येथील पळसनाथाचे प्राचीन मंदिर याच जलाशयात गेले. नव्या गावात पळसनाथाची पूजा चालू आहे. परंतु ज्या साली पाऊस ओढ देतो व धरण तळाला जाते त्या साली जुने मंदिर उघडे पडते. मग आसपासची माणसे चिखल तुडवीत दर्शनास जातात. दुष्काळाचे वर्ष सर्वांस वाईट. पळसदेवकरांना त्याच वर्षी आपला जुना गाभारा दिसतो. भोरजवळ भाटघर धरणाच्या पाण्यातील कांबरेश्वर आणि मावळात पवना धरणातील वाघेश्वर यांचीही अशीच गोष्ट आहे. उन्हाळ्यात ती मंदिरे वर येतात, पावसाळ्यात जातात. भाटघर तर १९२८ सालचे. पूर्वीच्या कारागिरांचा चुना किती पक्का होता हे सांगावयास याहून दुसरा दाखला नको.

१९७६ साली महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. त्यानंतर १९८६ चा व १९९९ चा असे कायदे झाले. जमिनीच्या बदली लाभक्षेत्रात जमीन, आणि नव्या गावठाणात अठरा नागरी सुविधा, हे तत्त्व मान्य झाले. पिण्याचे पाणी, शाळा, चावडी वा समाजमंदिर, रस्ते, गटारे, वीज, स्मशानभूमी, खळवाडी, गायरान, एस.टी. थांबा अशी ती यादी. कागदावर यादी उत्तम आहे. पण जमीन हवी असेल तर मिळालेल्या मोबदल्यातील ६५ टक्क्यांपर्यंत रक्कम मुदतीत शासनाकडे भरावयाची अशी अट होती. पैसा घरात आला म्हणजे लेकीचे लग्न, जुने कर्ज, नव्या घराची वीट यांत जातो. नोटीस आली तेव्हा हातात भरावयास काही उरलेले नसे. ज्याने भरली नाही त्याचे नाव यादीतून गेले. मिळालेली जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही. ही अट मात्र चांगलीच होती असे म्हणावे लागेल. तिच्यामुळे पुष्कळांच्या जमिनी दलालांच्या हातून वाचल्या.

नवे गावठाण बहुधा कोणत्या तरी जुन्या गावाच्या गायरानात पडे. ज्यांचे गायरान गेले त्यांना आलेले लोक नकोसे वाटणे साहजिक होते. विहिरीवर, स्मशानाच्या वाटेवर, कालव्याच्या पाळीवर भांडणे झाली. आलेल्यांना 'धरणग्रस्त', 'पुनर्वसनवाले' असे म्हणत, आणि ते नाव तीस-तीस वर्षे चिकटून राहिले. हे अंतर तुटले ते तीन ठिकाणी: शाळेत, एकाच शेताच्या बांधावर, आणि देवळात. सप्ताहाला पखवाजी मूळ गावचा, विणेकरी पुनर्वसनचा, असे एकदा झाले की पुढल्या वर्षी पंगत एकत्र बसते. त्यानंतर सोयरीक.

सर्वांचे इतके सुरळीत झाले असे समजू नये. सरदार सरोवराच्या पाण्यात नर्मदाकाठचे शूलपाणेश्वराचे पुरातन स्थान गेले, व गुजरातेत गोरा येथे त्याचे नवे मंदिर बांधण्यात आले. त्याच काठच्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या आदिवासींना तळोदा तालुक्यात सोमावल, रोझवा अशा वसाहतींत जमिनी मिळाल्या, पण त्यांचे देव डोंगर होते, रान होते. ते ट्रकमध्ये घालून आणता आले नाहीत. कोयनेच्या धरणग्रस्तांनी तर २०१८ साली, धरण पुरे झाल्यानंतर चोपन्न वर्षांनी, कोयनानगर येथे ठिय्या दिला. बसलेल्यांत ज्यांनी स्वतः बालपणी गाव सोडले होते असे म्हातारे होते, आणि ते गाव कधी न पाहिलेले त्यांचे नातूही होते.

अखेरीस गोमंतकातील कुर्डीची हकीकत सांगितली पाहिजे, कारण देव हलविण्याचा व न हलविण्याचा असा दोन्ही प्रकार तेथे एकाच गावी झाला. सांगे तालुक्यातील हे गाव गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे. साळावली धरणाची कल्पना गावकऱ्यांना देण्यास मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः आले होते. धरणाने गाव गेले. लोक वाडे व वालकिणी येथील वसाहतींत राहावयास गेले. गावातील कदंबकालीन महादेव मंदिर पुरातत्त्व खात्याने एकेक दगड उतरवून नेले व धरणाजवळ पुन्हा जसेच्या तसे उभारले. सोमेश्वराचे देऊळ मात्र जागीच राहिले. दर उन्हाळ्यात, मे महिन्याच्या सुमारास, पाणी ओसरते व कुर्डीची जमीन उघडी पडते. त्या वेळी गावचे हिंदू सोमेश्वराच्या उत्सवास व ख्रिस्ती आपल्या कपेलाच्या सणास तेथे जमतात. घरांचे चौथरे तेवढे उरले आहेत. म्हातारी माणसे पोरांना घेऊन आपापल्या चौथऱ्यावर जातात आणि चूल कोठे होती, तुळस कोठे होती, विहिरीची वाट कोणती, ते दाखवितात. उत्सव आटोपला की भांडीकुंडी, जाजमे गाड्यांत भरून सारे वाड्याला व वालकिणीला परततात. जूनमध्ये पाऊस सुरू झाला म्हणजे पाणी चढू लागते, आणि तोपर्यंत पेरणीच्या कामाला सुरुवात झालेली असते.